घरतशेठ दुकानात येऊन बसतात

पनवेलमध्ये एखाद्या दुकानात घरतशेठ स्वतःची पाण्याची बाटली घेऊन बसलेले दिसले, की समजायचं, हे दुकान आता विकलं जाणार. दुकानाच्या मालकाला ते तोवर ठाऊक असेलच असं नाही.

मागे एकदा बाजारात चालताना शेठचा पाय मुरगळला. समोर एक सलून होतं, त्यात शिरून ते तासभर बाकावर बसले. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. सलूनवाल्याच्या जागामालकाने फोन करून विचारलं, की भाडेकरार आता कोणाच्या नावाने करायचा. दोन जुनी गिऱ्हाइकं हळहळून गेली. सलूनवाल्याची बायको माहेरी गेली होती, ती रिक्षा करून परत आली आणि मला न विचारता विकलंत कसं म्हणून तिने नवऱ्याला फैलावर घेतलं. शेवटी आपला तसा काही विचार नाही हे सांगायला शेठ स्वतः सलूनमध्ये गेले. गेले ते तिथे पुन्हा अर्धा तास बसले. त्यानंतर कोणाच्याच मनात शंका उरली नाही.

मी वकील. कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे आणि शेठनी घेतलेल्या बहुतेक दुकानांचे कागद मीच केलेत. त्यांचं पूर्ण नाव जनार्दन नामदेव घरत. वय साठीच्या पुढे, घर खाडीकडच्या एका आगरी गावात. खिशाला दोन पेनं असतात, त्यातलं एकही उमटत नाही. सही करायच्या वेळी ते माझं घेतात आणि ते तिसरं म्हणून खिशाला लावून जातात.

तरुणपणी ते एका पिठाच्या गिरणीवर कामाला होते. मालक म्हातारे झाले, मुलंबाळं नव्हती, तेव्हा शेठनी तीच गिरणी घेतली. मग कामोठ्याचं मसाला कांडप घेतलं, मग पापड-शेवयांचा कारखाना, मग पळस्प्याजवळची आणखी एक गिरणी. आज नऊ ठिकाणं आहेत, पण त्यातलं एकही त्यांनी स्वतः सुरू केलेलं नाही. "नवीन काय काढायचा नाय, वकीलबाई. चालता हाय ता घ्यायचा," असं त्यांचं तत्त्व. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, नवीन दुकान म्हणजे नवी सून, रुळायला दोन वर्षं लागतात. जुनं दुकान घेतलं म्हणजे घरात थेट सासूच आणली, तिला सगळं येतंच.

मुलगी तेजल एमबीए होऊन धंद्यात आली, तेव्हा तिने वडिलांना सांगितलं, की तुम्ही जे करता त्याला पुस्तकात नाव आहे. मोठमोठ्या कंपन्या अशाच दुसऱ्या कंपन्या घेऊन वाढतात, त्याला अ‍ॅक्विझिशन म्हणतात. आपण नुसतं बसून जे केलं ते पोरं दोन वर्षं फी भरून शिकतात हे ऐकून शेठना अतोनात समाधान वाटलं. पण त्यांना खरा आवडला तो दुसराच शब्द, सिनर्जी. मसाला कांडायला आलेल्या बाया जाताना पापडही घेतात, ही सिनर्जी, असं तेजलने समजावलं आणि तिथेच चूक झाली. तेव्हापासून तांदळाची भाकरी आणि सुकट यांच्यात शिनर्जी आहे. माझी असिस्टंट आणि माझा प्रिंटर यांच्यात ती नाही. लग्नपत्रिका हातात आली तर शेठ वधूवरांची नावं दोनदा वाचतात आणि नुसती मान हलवतात.

दुकान घेण्याआधी ते तिथे आठ दिवस बसतात. वह्या बघत नाहीत, यंत्र बघत नाहीत. येणारं माणूस दारातून काय बोलत आत येतं, मालक त्याला कसं ओळखतो, एवढंच ऐकतात. आठव्या दिवशी हो म्हणतात किंवा पाण्याची बाटली उचलून निघून जातात.

आणि करारात एक कलम हमखास घालायला लावतात. पहिल्यांदा त्यांनी ते सांगितलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं. विक्री झाल्यावरही जुन्या मालकाची खुर्ची दुकानात राहील. त्याला वाटेल तेव्हा तो येऊन बसेल, काम चुकलं तर बोलेल आणि त्याला कोणी उलट बोलणार नाही. असलं कलम कोर्टात टिकणार नाही, असं मी म्हटलं. "कोरटात कोन जाताय? लिवा," म्हणाले. मी लिहिलं. त्यामुळे आजही कामोठ्याच्या कांडपावर जुन्या मालकीणबाई रोज येतात, गिऱ्हाइकाच्या मिरच्या हातात घेऊन नाक मुरडतात आणि असल्या मिरच्या आणायच्या तर मसाला करता कशाला म्हणून विचारतात. गिऱ्हाईक निमूट ऐकून घेतं. तेजलच्या मते हे धंद्याला मारक आहे. पण मसाला तिथलाच हवा म्हणून लोक खारघरहून येतात, त्याचं उत्तर तिच्या पुस्तकात नाही.

सगळ्यात गाजलं ते सॅम्युएलकाकांच्या घाण्याचं प्रकरण.

सॅम्युएलकाका रोहेकर बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. पिढ्यान्पिढ्या तेल गाळणारं घराणं. शनिवारी हे लोक काम करत नाहीत, म्हणून जुनी माणसं त्यांना शनिवार तेली म्हणायची. काकांची बायको गेली, मुलगा इस्राएलमध्ये स्थायिक झाला होता, तो तिकडे बोलवत होता. काकांनी घाणा विकायचं अजून कोणाला सांगितलंही नव्हतं, तेवढ्यात शेठ बाटली घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "घरत, पाणी आणत जाऊ नका, इथलंच प्या. अजून पाच दिवस ना?"

करार माझ्याच ऑफिसात झाला. खुर्चीचं कलम वाचून काका हसायला लागले. म्हणाले, मी देश सोडून चाललोय, खुर्चीवर काय माझा फोटो ठेवणार? शेठनी माझ्याकडे बघितलं आणि नेहमीचं "लिवा" म्हणाले.

काका इस्राएलला गेले. महिन्याभराने त्यांनी शेठना फोन केला. कसं चाललंय या प्रश्नावर शेठनी बोलण्याऐवजी व्हिडिओ सुरू करून फोन घाण्यासमोर धरला. काकांनी पाहिलं, की माणूस शेंगदाणे ओला हात लावून टाकतोय. तिथून ते असे ओरडले, की इथे त्या माणसाच्या हातातलं सूप पडलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेदहाला काकांच्या खुर्चीवर स्टँड आणि स्टँडवर फोन. तिकडे आठ वाजलेले असतात. काका स्वेटर घालून, चहाचा कप धरून दुकानावर नजर ठेवतात. गिऱ्हाइकं आत येता येता फोनला नमस्कार करतात. एका बाईंनी तेलात गाळ दिसतो म्हणून बाटली परत आणली, तर काउंटरवरच्या मुलीने ती सरळ फोनसमोर धरली. काकांनी पाच मिनिटं लाकडी घाण्याच्या तेलावर व्याख्यान दिलं. बाई बाटली परत घेऊन गेल्या आणि जाताना आणखी एक घेतली.

इथवर तेजलनेही हसून सोडून दिलं होतं. पण शेठ घाणा शनिवारी बंद ठेवत होते, आणि शनिवार म्हणजे गाड्या घेऊन खरेदीला येणाऱ्यांचा दिवस. ती बोलायला गेली की शेठ म्हणायचे, करारात आहे. तसं करारात काही नव्हतं. मीच लिहिलेला करार, मला ठाऊक होतं.

एके दिवशी ती टाइप केलेले कागद घेऊन माझ्याकडे आली. दुरुस्तीपत्र होतं. घाणा सातही दिवस चालेल, जुन्या मालकाचा दुकानाशी संबंध राहणार नाही. मसुदा चोख होता. मी शेठना बोलावून घेतलं.

ते आले, चष्मा लावला आणि वाचायला लागले. मला वाटलं, शनिवारपाशी थांबतील. ते मथळ्यापाशीच थांबले. तेजलने वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'व्यवसाय संपादन करारनामा'.

"ह्यो शब्द काढा," ते म्हणाले.

कोणता, ते मला कळेना. त्यांनी 'संपादन'वर बोट ठेवलं.

मग जे त्यांनी सांगितलं, ते तेजललाही माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांची खाडीलगत भातशेती होती आणि मिठागर होतं. नवं शहर वसायचं ठरलं, नोटीस आली, तिच्यावर हाच शब्द होता. मोबदला मिळाला, त्याबद्दल शेठची तक्रार नव्हती. पण वडील दुसऱ्या दिवशीही सकाळी फावडं घेऊन बांधावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. काम काही नव्हतं, नुसते बसायचे. शेठ तेव्हा एकोणीस वर्षांचे, गिरणीवर कामाला. दुपारच्या सुट्टीत ते वडिलांना घरी चला म्हणायला जायचे आणि एकटेच परत यायचे. मातीचा भराव दर आठवड्याला पुढे सरकत होता, तसे वडील मागे सरकून बसत होते. एक दिवस डंपरवाला गाडीतून उतरून आला आणि हात जोडून म्हणाला, बाबा, आता उठा.

"डंपरवाला भला मानूस होता," शेठ म्हणाले. "पैसं समद्यांना दिलं, वकीलबाई. बसायला जागा नाय दिली. बापूस वरीसभरात गेला."

तेजलने कागद ओढून घेतले, घडी केली आणि पर्समध्ये टाकले. शेठनी माझं पेन खिशाला लावलं आणि शनिवारचं काय ते काकांना विचारून ठरवू, असं म्हणून उठले. अजून त्यांनी विचारलेलं नाही. घाणा शनिवारी बंदच असतो.

पुढचं मला तेजलने सांगितलं. त्यानंतरच्या शनिवारी तिने वडिलांना गाडीत घातलं आणि म्हणाली, पप्पा, मिठागर कुठे होतं ते दाखवा. दोघं तासभर फिरले. शेठ इथे म्हणायचे, मग तिथे. शेवटी एका मोठ्या सोसायटीच्या फाटकापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. बांध आत पार्किंगच्या अंगाला असावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. वॉचमन पुढे आला आणि रजिस्टर सरकवून म्हणाला, कोणाकडे जायचंय ते लिहा, त्याशिवाय आत सोडता येणार नाही.

तेजल काहीतरी समजावणार, तेवढ्यात शेठनी रजिस्टर घेतलं. खिशातली दोन पेनं उमटली नाहीत, तिसरं उमटलं. स्वतःचं नाव लिहिलं, वेळ लिहिली. फ्लॅट नंबरचा रकाना मोकळा ठेवला. आणि 'कोणाला भेटायचे' याखाली सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं, नामदेव हिरा घरत.

वॉचमनने नाव वाचलं, शेठच्या तोंडाकडे बघितलं आणि फाटक उघडलं.