अर्ध्या तिकिटातलं रक्त

छापील दर फक्त दोन प्रकारची माणसं देतात, एक परदेशी पाहुणे आणि दुसरे मूर्ख, असं भोजण्णा पूजारींचं ठाम मत! मंगळूरच्या खासगी सिटीबसवर बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेला हा गृहस्थ. बसमध्ये कुणाला आठ आणे सोडले नाहीत आणि बाजारात बांगडा कधी सांगितल्या भावाने घेतला नाही.

त्यामुळे लेकीच्या रक्ततपासणीचा विषय निघाला तेव्हा त्यांना स्फुरणच चढलं. अक्षता कंकनाडीच्या एका हॉस्पिटलात नर्स. आयर्लंडची नोकरी ठरली होती, फक्त एक कागद राहिला होता. हिपॅटायटिसची लस लागू पडली आहे, रक्तात अँटीबॉडी तयार आहेत, असा रिपोर्ट. शनिवारी चारपर्यंत तो एजन्सीकडे पोचला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीची.

"अप्पा, आमच्या हॉस्पिटलात ना..."

"नाव काढू नकोस! हॉस्पिटलवाले लुटतात. तू ड्यूटीला जा, दराचं मी बघतो!"

खरं सांगायचं तर, परीक्षा, मुलाखत, पासपोर्ट, सगळं पोरीने एकटीने केलं होतं. बापाच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. हे भोजण्णांना आतून फार लागलं होतं.

पहिल्या लॅबने सांगितले साडेचौदाशे. शेजारच्या लॅबने अकराशे. बसस्टॉपजवळच्या लॅबने नऊशे!

"नऊशेत अँटीबॉडी कमी मोजता का हो?" भोजण्णांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"नाही अण्णा, तेवढ्याच."

"मग मशीन जुनं आहे?"

"मशीन इथे नाहीच. संध्याकाळी गाडी येते, तिन्ही लॅबचं रक्त एकाच मशीनवर जातं."

भोजण्णा फुटपाथवरच बसले. एकच बस, एकच सीट, एकच स्टॉप, आणि तिकिटं तीन? बत्तीस वर्षांत असा घोटाळा त्यांनी पाहिला नव्हता! डोकं गरगरत असतानाच त्यांना समोर त्याच लॅबची पाटी दिसली. पंच्याहत्तरीपुढच्यांना निम्मा दर, सोबत येणाऱ्याची तीच तपासणी फुकट! दर नऊशे. म्हणजे साडेचारशेत दोघं!

तासाभरात त्यांनी रिक्षातून आपल्या आईला, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गुलाबी अज्जींना, आणून खुर्चीत बसवलं.

"माझं काय दुखतंय रे?" अज्जींनी विचारलं.

"काही नाही, अम्मा."

"मग सुई कशाला?"

"अर्धं तिकीट आहे, अम्मा! नाही म्हणू नकोस!"

जेवणाच्या सुट्टीत अक्षता धावत आली. "अप्पा, मी आज सकाळीच..."

"नंतर! पैसे भरलेत, परत मिळत नाहीत. बाही वर कर!"

तिने तोंड उघडलं. मग खुर्चीत भेदरून बसलेल्या अज्जीकडे पाहिलं, बापाच्या खुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने बाही वर केली.

काउंटरवर बिल मात्र फुगत चाललं होतं. नोंदणीचे शंभर. तातडीचे तीनशे. परदेशासाठी शिक्क्याचे अडीचशे. रिक्षाचे जाऊन-येऊन दोनशे चाळीस. वर अज्जी म्हणाल्या, रक्त दिलंय तर बन्स आणि कॉफी पाहिजेच. ते एकशेदहा. भोजण्णांनी मनातल्या मनात बेरीज केली. साडेचौदाशे! अगदी पहिल्या लॅबइतके! त्यांनी बेरीज पुन्हा केली. तरी तेवढेच! मग त्यांनी बेरीज करणंच सोडून दिलं.

शनिवारी साडेतीनला रिपोर्ट फोनवर आला. अक्षता ड्यूटीवर, तिचा फोन बंद. भोजण्णांनी मोठ्या रुबाबात रिपोर्ट स्वतःच एजन्सीला धाडला. पहिलं पान धाडलं. दुसरं पानही असतं हे त्यांना कुठे ठाऊक! तिकिटाला कधी दुसरं पान असतं का?

दहा मिनिटांत एजन्सीचा फोन. "पूजारी ना? अँटीबॉडी उत्तम आहेत! फक्त एक शंका. तुमच्या नर्सचं वय अठ्ठ्याहत्तर कसं?"

"कु... कुणाचं?"

"गुलाबी पूजारींचं. नाइट ड्यूटी झेपेल का त्यांना? खुलासा येईपर्यंत फाइल थांबवतोय."

फाइल थांबली! अज्जींच्या रक्तात अँटीबॉडी कुठून आल्या, हे विचारायलाही भोजण्णांना वेळ नव्हता. चपला उलट्यासुलट्या घालून ते धावले आणि समोरून आलेल्या बसमध्ये उडी मारून चढले.

"तिकीट, अण्णा?" नवखा कंडक्टर म्हणाला.

"स्टाफ!" भोजण्णा गरजले. पोराने वाट सोडली.

चारला पाच मिनिटं असताना ते वॉर्डाच्या दारात थडकले. धाप लागलेली, डोळ्यांत पाणी. "अक्षता, मी तुझं वाटोळं केलं गं! तुझी फाइल थांबली! अज्जीचा रिपोर्ट गेला!"

अक्षताने त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. "माझी फाइल कालच मंजूर झाली, अप्पा; तुमचा रिपोर्ट आल्यावरच सांगणार होते. थांबलीय ती अज्जीची. तुम्ही तिच्या नावाने नवीन उघडलीत."

"पण तुझा रिपोर्ट?"

"गुरुवारी सकाळी इथेच रक्त दिलं होतं. तेच तर सांगत होते."

"मग पुढे बोलली का नाहीस?"

"बोलू कुठे दिलंत? आणि माझ्या जाण्याच्या गडबडीत तुम्हाला पहिल्यांदाच इतकं खूश पाहिलं. मग म्हटलं, घेऊ आणखी एकदा सुई."

भोजण्णांनी नाक पुसलं. लेक जाणार, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा खरं वाटलं. पण दराचा किडा काही गप्प बसेना. हळूच त्यांनी विचारलं, "इथे किती घेतले गं?"

"काहीच नाही."

"फुकट? असं कोण फुकट करतं?" भोजण्णा ताडकन उठले. "यात काहीतरी गोम आहे!"

"अप्पा, तुम्ही आत्ता आलात कसे?"

"बसने."

"तिकीट काढलंत?"

"मी? मी कशाला काढू? मी स्टा..."

आणि भोजण्णा पुन्हा स्टुलावर बसले.