पिस्तई घराची माळ

सत्तर हात सुतळी.

"गच्चीवर लाल-हिरव्या दिव्यांची माळ सोडतो आहे. बसमधूनच घर ओळखू येईल." पाथर्डीला गेलेल्या पोस्टकार्डातल्या दोन ओळी.

पिस्तई रंगाचं डिस्टेंपर, फेब्रुवारीतलं.

चुन्याचं एक पीप.

ज्वारीवरची पाखरं उडवायची गोफण.

"बास" हा शब्द.

यातली शेवटची गोष्ट आसारामच्या तोंडून वेळेवर निघाली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण ती निघाली नाही. एकाहत्तर सालच्या धनत्रयोदशीला, दुपारी तीन वाजता, भिंगारच्या गल्लीत आसाराम आपल्याच घराकडे मान वर करून उभा होता आणि मान दुखेपर्यंत त्याला एकच गोष्ट दिसत होती: घर फार उंच झालं होतं.

जागा दोन खोल्यांचीच होती, म्हणून तो वर वर गेला होता. तळमजला, त्यावर एक, त्यावर आणखी एक, आणि वर गच्ची. आगपेटी उभी करून ठेवावी तसं घर. गच्चीला जिना नव्हता. गवंड्याने विचारलं होतं, तेव्हा आसारामने त्याला हसून सांगितलं होतं, "जिना एक खोली खातो राव. शेजारी कादरची शिडी हाय की. वरच्या गॅलरीत लावली, की गच्ची."

कादर चुन्याची सफेदी करायचा. त्याचं अंगण आसारामच्या घराच्या बरोबर मागे होतं. तिसरीपासून दोघं एका बाकावर बसलेले. कादरची शिडी म्हणजे आपलीच शिडी, इतक्या भरवशावर आसारामने तीन मजले चढवले. आणि घर पुरं झाल्यावर रंगाला मात्र नगरहून पेंटर आणला.

रंगाच्या दिवशी सकाळी कादर पीप आणि कुंचे घेऊन दारात आला, तेव्हा पेंटर पिस्तई डिस्टेंपर कालवत होता. आसारामला काय सुचलं कुणास ठाऊक. चार माणसांत तो म्हणाला, "चुना अंगाला लागतो रे, कादर. आता डिस्टेंपरचा जमाना हाय."

कादरने पीप उचललं आणि तो गेला. त्याला आठ महिने झाले. आसारामला ते वाक्य रोज आठवायचं, दाढी करताना हटकून. पण वाक्य परत घ्यायला मागच्या अंगणात जावं लागलं असतं, आणि ते त्याला जमलं नव्हतं. मिलिटरीच्या स्टोअरमध्ये तो कारकून होता. तिथे दिलेली वस्तू परत घ्यायला फॉर्म होता. दिलेल्या शब्दाला नव्हता.

"अवो, वरच्या खिडकीतनं सोडा की माळ," रतनबाई करंज्यांचं पीठ हाताला तसंच ठेवून बाहेर आली. "जावई काय फूटपट्टी घिऊन येनारेत व्हय?"

"कार्डात गच्ची लिवलंय मी."

"मंग लिवायच्या आदी चढून बगायचं हुतं."

"रतन, पैला दिवाळसन हाय चांगुणाचा. जावयाम्होरं खोटं पडायचं का मी?"

"तसं न्हवं. पन त्या कादरभाईंची शिडी—"

"शिडीचं नाव काढायचं न्हाई!"

"अवो, पन ऐका तरी. सकीनाभाभी परवा सांगत हुती, की शिडी—"

"तू त्या घरात बोलतीस?"

"रोज बोलती. अबोला तुमचा हाय, आमाला कोनी वाटून दिल्याला न्हाई." आणि ती करंज्यांकडे निघून गेली.

तेवढ्यात तिचा भाऊ गोरक्ष चहा संपवून ओट्यावर आला. तो तिसगावहून भाऊबीजेसाठी चार दिवस आधीच आला होता आणि रिकामा बसून कंटाळला होता. त्याने घर पायथ्यापासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दाजी, शिडी कशापाई पायजे? गोफन हाय माझ्या पिशवीत."

"दिवाळीला गोफन घिऊन आलास?"

"सवय हाय. दगडाला सुतळी बांदायची, घरावरनं पल्याड फेकायचा. मंग मागनं सुतळी वढली, की फुडनं माळ वर. सोपं काम."

ते इतकं सोपं वाटलं, की मागे कोण आहे हे आसाराम विसरला. पहिला दगड दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवर बसला आणि पिस्तई रंगाचा रुपयाएवढा टवका खाली आला. दुसरा उलटा फिरून शेजारच्या बनुबाईच्या तुळशीपाशी पडला. बनुबाई बाहेर येऊन म्हणाली, "आसाराम, लढाई सुरू झाली का रं? काल मिलिटरीच्या गाड्या गेल्या तवाच वाटलं मला." तिसरा दगड मात्र सुतळीची शेपटी घेऊन उंच गेला, गच्चीवरून पलीकडे उतरला, आणि मागून आवाज आला: ठण्ण!

रिकाम्या पिपाचा आवाज. दिवाळीत कादरचं पीप कधी रिकामं नसायचं. पण हे आसारामच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या ध्यानात दुसरंच आलं.

"गोरक्ष, हे कादरच्या अंगनात पडलं."

"मंग जातो आन् वढतो."

"जायाचं न्हाई!"

"दाजी, सुतळी आपल्या आपन वढली जानार न्हाई."

पण ती ओढली गेली. आधी एक हलका हिसका आला, कुणी दार वाजवावं तसा. मग दुसरा. मग सुतळी ताणली, आणि तिच्या टोकाला बांधून ठेवलेली भाड्याची माळ ओट्यावरून सरसरत उठली. लाल, हिरवा, लाल, हिरवा असे साठ बल्ब पिस्तई भिंतीवरून संथपणे वर जाऊ लागले.

"दाजी! माळ चढतीया!"

पलीकडचे हात आसारामला दिसत नव्हते, तरी ओळखू येत होते. दोन हात ओढायचं, जरा थांबायचं. शाळेतल्या आडावर कादर असंच पाणी शेंदायचा. आठ महिन्यांनी कादर आसारामशी बोलत होता, सुतळीने.

माळ गच्चीच्या कठड्याशी पोचली. झकास बसली. नेमकी कार्डात लिहिल्यासारखी.

"बास म्हना, दाजी," गोरक्ष म्हणाला.

आसारामने तोंड उघडलं. बास म्हणायचं म्हणजे मोठ्याने म्हणायचं. मोठ्याने म्हणायचं म्हणजे नाव घेऊन म्हणायचं. आणि नाव घेतलं, की त्याच्या मागून ते चुन्याचं वाक्य येणार. गल्लीत पुन्हा चार माणसं जमलीच होती.

"दाजी, चालली की!"

पहिले दहा बल्ब कठड्यावरून पलीकडे गेले. मग वीस. गोरक्षने खालची वायर धरली, तसा आसाराम ओरडला, "सोड! तुटंल! भाड्याची हाय!" एवढं मात्र त्याला मोठ्याने ओरडता आलं. वायर सुटली. खिडकीतल्या सॉकेटमधून प्लग निसटला, भिंतीवर टकटक वाजत तिन्ही मजले चढला आणि कठड्यावरून पलीकडे दिसेनासा झाला.

समोर पुन्हा नुसतं पिस्तई घर उरलं. वर रुपयाएवढा टवका.

बनुबाई म्हणाली, "छान. आता दारात मेनबत्ती लावा."

पाच वाजले. सहा वाजले. पाथर्डीची बस गेल्याचा आवाज आला. आसाराम इस्त्रीचा सदरा घालून अंधाऱ्या ओट्यावर उभा राहिला. रतनबाईने दोन पणत्या ठेवल्या, त्यातली एक वाऱ्याने गेली. पावणेसात झाले, तरी लेक-जावयाचा पत्ता नव्हता.

"चुकले असतील का?" त्याने विचारलं.

"आपल्या लेकीला आपलं घर चुकंल व्हय?" असं म्हणताना रतनबाईचा कान मागे लागला होता. मागून हसण्याचा आवाज येत होता, आणि त्यात एक हसू चांगुणाचं होतं. रतनबाईने ओवाळायचं ताट उचललं. "मी निगाले. यायचं तर या, न्हाईतर बसा डिस्टेंपर बगत."

ती बोळातून गेली. मागोमाग गोरक्ष गेला. आसाराम थोडा वेळ खरोखरच डिस्टेंपर बघत बसला. मग उठला.

कादरचं अंगण उजळून निघालं होतं. पलीकडून आलेली माळ कादरच्या भिंतीवर नागमोडी पसरून त्याच्या दारावरून फिरली होती, आणि प्लग त्याच्या खिडकीत होता. खाली खाटेवर जावई मच्छिंद्र बसला होता. सकीनाभाभीने त्याच्या हातात खिरीची वाटी दिली होती. उंबऱ्याबाहेर तांब्याभर पाणी सांडलेलं होतं. पाय धुऊन झाले होते.

"मामा," जावई अदबीने उठला, "कार्डात लिहिलं तसंच झालं बघा. बसमधनंच दिसली माळ. आमी सरळ उतरून हितं आलो."

आसारामने मागे वळून पाहिलं. पाथर्डीचा रस्ता कादरच्या अंगणापुढून जात होता. त्याच्या घराचं तोंड गल्लीत होतं आणि पाठ रस्त्याला. बसमधून आजवर कुणाला त्याचं तोंड दिसलंच नव्हतं.

"कादरचाचानं अडकवली ना बाबा?" चांगुणाने विचारलं. "तुमच्यानं अशी झाली नसती."

कादर कोपऱ्यात पिपाजवळ उभा होता. हाताला सुतळीचे वळ उठले होते. तो जरा वाळल्यासारखा वाटला.

"वढत गेलो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हितनं फुडचं दिसत न्हाई. म्हनलं, आता बास म्हनंल, मग म्हनंल. पार प्लग हातात आला, तरी आवाज न्हाई. म्हनलं, ऱ्हाऊ दे, बास म्हनायचंच न्हाई त्याला."

आसारामला ते वाक्य परत घ्यायचं होतं. आठ महिने त्याने माफीचे शब्द घोळवून ठेवले होते, सकाळी साबण लावलेल्या तोंडाने पाठही केले होते. पण जावयासमोर, खिरीच्या वाटीसमोर, त्याला तेवढं काही आलं नाही. मग त्याने त्याच्या दृष्टीने तितकंच अवघड असं दुसरं काहीतरी म्हटलं.

"कादर, उद्या तुजी शिडी लागंल मला. गच्चीवर पनत्या ठेवायच्यात."

सकीनाभाभी आत खीर आणायला गेली. रतनबाई ताटातली निरांजनं उगाच सरळ करत राहिली.

"पनत्या ना," कादर म्हणाला. "खालीच लावू की, माज्या अंगनात. वर वारं लई असतं." आणि त्याने खाटेवरची जागा हाताने झटकली. "बस. उभा का?"

आसाराम बसला. आपण मागितली आणि त्याने नाही म्हटलं नाही, म्हणजे मिटलं, असं त्याला वाटलं. त्या रात्री तो आठ महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपला.

फेब्रुवारीनंतर गल्लीतल्या सात घरांनी डिस्टेंपर लावलं. शिडी कादरने जूनमध्येच विकली होती.