काढलेलं चाक

चाक डिकीत बसलं तेव्हा वेंडेलने बायकोला हाक मारून खाली बोलावलं.

त्यांच्या दोन सीटांच्या लाल स्पोर्ट्स गाडीला कंपनीने स्टेपनी दिलीच नव्हती. तिच्याऐवजी हवेचा छोटा पंप आणि भोक बुजवायच्या चिकाची बाटली होती. गेल्या उन्हाळ्यात टायर बाजूने चिरला, चीक सगळा रस्त्यावर गेला, आणि सासूबाईंच्या वाढदिवसाला दोघं केक संपल्यावर पोचली, तीही गाडी ओढणाऱ्या ट्रकमध्ये बसून. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गाडी घेतली होतीस ना रे?"

यंदा त्यांची नव्वदी होती. केक चार वाजता. वेंडेलने हिवाळाभर गॅरेजमध्ये मापं घेतली होती. दहा सेंटिमीटर रुंदीची अरुंद स्टेपनी, तिच्या पोकळीत जॅक आणि पाना, उरलेल्या जागेत दोन मऊ पिशव्या.

"माझे बूट?" थेल्माने विचारलं.

"पायात."

"ते आहेतच. दुसरे म्हणतेय."

"दुसरे पाय आहेत का?"

थेल्माने बूट घरी ठेवले. आईसमोर नवऱ्याची अब्रू राहावी, असं तिलाही वाटत होतं.

दोघं ट्रुरोच्या घरून सकाळी निघाली. वाटेतलं बॅडेक गाव मागे पडलं आणि सासूबाईंचं इंगोनिश ऐंशी किलोमीटरवर असताना मागचं डावं चाक खड्ड्यात आपटून टायर फुटला. वेंडेलचा चेहरा उजळला. अकरा मिनिटांत त्याने स्टेपनी लावली.

"शाब्बास," थेल्मा म्हणाली. "आता हे कुठे ठेवायचं?"

काढलेलं चाक रस्त्याकडेला पडलं होतं. एकवीस सेंटिमीटर रुंद. वेंडेलने ते डिकीत आडवं घातलं, उभं घातलं, पिशव्या काढून तिरकं घातलं. झाकण अर्धंच खाली येई. ते बांधायची दोरी त्याने वजन वाचवायला घरी ठेवली होती. स्टेपनी कशी न्यायची याचा त्याने हिवाळाभर विचार केला होता. ती लावल्यावर मोकळं होणारं चाक कसं न्यायचं, याचा मात्र राहून गेला होता.

"झाडीत लपवून ठेव. उद्या नेऊ."

"चोरलं तर?"

"एक चाक कोण चोरेल?"

"ज्याच्याकडे तीन आहेत तो."

इतक्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने थेल्माकडे निरखून पाहिलं. "तू फ्लोराची धाकटी ना? मी रोरी. तुझी मावशी माझ्या काकूची चुलत बहीण. इंगोनिशलाच चाललोय."

"माझं चाक न्याल का?" वेंडेल पुढे झाला.

"मागे समुद्रातली शेवंडं आहेत, खायचा माल. आणि पुढच्या सीटला कालच नवं कव्हर घातलंय. ही बसत असेल तर बसू दे."

थेल्मा म्हणाली, "ठरव बाबा तूच. तुझ्या शेजारी एकालाच जागा आहे."

वेंडेलने ठरवायला जरा जास्तच वेळ घेतला. थेल्मा ट्रकमध्ये चढून बसली.

स्टेपनीवर ताशी ऐंशीच्या वर जायचं नव्हतं, त्यामुळे ट्रक लवकरच दिसेनासा झाला. रोरीकडे फोन होता आणि वाटेत नातेवाईक होते. वेंडेल हवा तपासायला पेट्रोलपंपावर थांबला, तर तिथली बाई म्हणाली, "बायकोला उतरवून चाकाला बसवलं ते तुम्हीच का?"

चाराला पाच कमी असताना तो अंगणात शिरला. चाळीस माणसं त्याच्या शेजारच्या सीटकडे बघायला लागली. तिथे चाक होतं, आणि सीटवर वजन आहे म्हणून गाडी वाटेत सारखी किणकिणत होती, तेव्हा त्याने चाकाला सीटचा पट्टाही लावला होता. थेल्मा केकपाशी उभी होती. तिने वर पाहिलं नाही.

सासूबाई काठी टेकत आल्या. चाकाकडे बघत राहिल्या.

"टाकून नाही आलास?"

"नाही, आई."

"बासष्ट साली ह्यांनी स्मोकी डोंगराच्या चढावर नवं कोरं चाक सोडलं. का, तर मला गाडीत बसता यावं. परत जाऊन बघतो तर गायब."

"आई, मी शेवंडांबरोबर आले," थेल्मा म्हणाली.

"आलीस ना? तुला कोणीही गाडीत घेईल. चाकाला कोण घेणार?"

लग्नाच्या पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच केकचा पहिला तुकडा जावयाला मिळाला. थेल्मानेच तो नेऊन दिला, आणि परतीचं आपण रोरीशी बोलून ठेवल्याचंही सांगितलं.