विरळ हवेतली सही

ज्या देशाची राजधानी उंच, त्या देशाचे विचार उंच. आणि विचार फार उंच गेले की हात टेबलापर्यंत पोचत नाहीत, हे शास्त्र आहे. आमचं ला पाझ समुद्रापासून साडेतीन हजार मीटरांच्याही वर आहे. (कागदोपत्री राजधानी दुसरीच आहे. तीही डोंगरातच ठेवलीय. उगाच धोका कशाला?) इथल्या हवेत प्राणवायू एक तृतीयांश कमी, म्हणून सरकारी कामही एक तृतीयांश कमी, हा सरळ हिशोब. उरलेल्यातलं निम्मं कोकाच्या पानांच्या चहात जातं आणि निम्मं दहा वाजताच्या साल्तेन्यात. (आत रस्सा असलेली ही करंजी शर्टावर न सांडता खायची, तर घाई करून कसं चालेल?)

शनिवारी आमच्या शाळेची नाचाची मिरवणूक होती. घुंगरांचे बूट घालून चढावर चार तास उड्या मारायच्या, मागे पितळी बँड. वर्षभर घाम गाळला होता. फक्त परवान्यावर सही राहिली होती, आणि ती नसली तर पोलीस पहिल्याच कोपऱ्यावर घरी पाठवणार होते. म्हणून मी आणि माझी मैत्रीण योसेलिन केबलकारने एल आल्तोहून, म्हणजे राजधानीच्याही डोक्यावरून, खाली परवाना कचेरीत उतरलो.

चोकेवांका साहेब खुर्चीत बसून जपून श्वास घेत होते.

“पोरींनो, पेन उचललं की धाप लागते. ही उंची!”

“साहेब, तुम्ही बाहेरगावचे का?” योसेलिनने काळजीने विचारलं.

“छे! जन्म इथलाच. म्हणजे बघ, जन्मापासून सोसतोय. पुढच्या आठवड्यात या.”

“पण मिरवणूक या शनिवारी आहे!”

“मग मिरवणूकही पुढच्या आठवड्यात काढा की.”

उपायात खोट काढायला जागाच नव्हती. योसेलिन केबलकारमध्ये मुसमुसत वर गेली.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा सराव होता. बँड आला. त्यात एक भलाथोरला ट्यूबा, म्हणजे फुंकायचा पितळी कर्णा, होता आणि त्याच्यामागे कुणीतरी माणूस असावा, असा आमचा अंदाज होता. ट्यूबा तासभर चढावर चालत, न थांबता, असा काही गरजला की गल्लीतली कुत्री पार चौकापलीकडे पळाली. मग तो खाली ठेवला गेला आणि मागून चोकेवांका साहेब निघाले. घामेजलेले, गुलाबी, तब्येत ठणठणीत.

“अय्या, साहेब!” योसेलिन म्हणाली. “फुप्फुसं कशी आहेत?”

“कचेरीतली हवा वेगळी असते गं,” साहेब पुटपुटले.

माझी आई मिरवणुकीच्या पंगतीचं बघते. ती कमरेवर हात ठेवून पुढे आली. “हे बघा भाऊ, सही नाही तर मिरवणूक नाही. मिरवणूक नाही तर बँड नाही, आणि बँडवाल्यांचं भाजलेलं डुक्करही नाही. तुमच्या तब्येतीला जपायला नको का?”

शुक्रवारी कचेरी उघडण्याआधीच साहेब दारात उभे होते. तीन जिने ते धावत चढले. सही झाली, शिक्का बसला, वर शेराही आला: ‘उंची लक्षात घेता तातडीने मंजूर.’ शनिवारी आम्ही नाचलो, आणि ट्यूबा पार दरीच्या तळापर्यंत ऐकू गेला.

तरी मी साहेबांना दोष देत नाही. दोष हवेचा. भूगोलाच्या पुस्तकात लिहिलंय की समुद्राकाठी हवा भरपूर असते. तुमच्याकडे तर मुंबईला अख्खा समुद्र आहे. म्हणजे साहेब जागेवर असणार, सही पहिल्याच फेरीत होत असणार, आणि ‘उद्या या’ हे वाक्य तुम्ही आयुष्यात ऐकलं नसणार. कसं वाटतं हो, अशा ठिकाणी राहायला?