शिस्तीत घाबरा

आमच्या शेजारचे चुरीसर पाणी कपातून पितात, कारण त्यांच्या घरातले स्टीलचे पेले कायम ड्युटीवर असतात. खिडकीत तीन, कपाटावर तीन, फ्रिजवर तीन. एकावर एक, उलटे रचलेले. जमीन जराशी हलली की खणखणाट. "कुंदाताई, आपल्या पायांना भास होतात. पेल्याला होत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. एकदा मांजरानं फ्रिजवर उडी मारली आणि अख्खी गल्ली अंगणात. मागून सर ओरडत आले, "मांजर! मांजर होतं!"

हसू नका. तलासरीत चार दिवस राहून बघा आधी. आम्हाला वर्षानुवर्षं धक्के बसतायत. लहान असतात बहुतेक, पण हा लहानच राहील असं कुणी लिहून देत नाही. हायवेवरून मोठा ट्रेलर गेला तरी मी आधी दाराकडे बघते. आंघोळीला जाताना मी कडी लावत नाही आणि गाऊन हाताशी ठेवते. मरायचं तर मरू, पण अंगावर कपडे हवेत.

सर हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. रिटायर झाले ते पगारापुरतेच. बँकेच्या रांगेत, रिक्षात, मयताला गेले तर तिथेही, खिशातून चिकू काढून सुरू. "ही पृथ्वी. ही साल, पातळ. हा गर, आत बी. आपण सालीवर राहतो. आपल्याकडच्या सालीला जुनी चीर आहे, ती अधूनमधून सरकते." कुणी म्हणालं भीती वाटते, तर खूष व्हायचे. "वाटलीच पाहिजे! पण घाबरायचं ते शिस्तीत. दार दोन पावलांवर असेल तर बाहेर. नसेल तर टेबलाखाली."

गल्लीला हे पाठ झालंय. पाळत नाहीत ते एकटे सरच. त्यांच्या बायकोला, सुशीलावहिनींना, लकवा झाल्यापासून त्या खाटेवर आहेत. पहिल्या मोठ्या धक्क्याला आम्ही चौघांनी त्यांना चादरीत घालून अंगणात आणलं. गडबडीत पातळ सुटलं, गल्ली बघत होती. त्या एवढंच म्हणाल्या, "मेले तरी चालेल, पण परत मला अशी बाहेर आणू नका." तेव्हापासून धक्का बसला की मी अंगणात माणसं मोजते आणि दरवेळी दोन कमी भरतात.

एकदा सर भूकंपाची माहिती द्यायला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर कासा गावाकडच्या एका पाड्यावर गेले होते. जीपमध्ये मांडीवर चिकूची पिशवी, ड्रायव्हरलाही धडा. पाड्यावर शाळेच्या पडवीत बाया-माणसं जमली. लाडकीआजी म्हणून एक म्हातारी पुढेच बसलेली. ती म्हणाली, "धरतरी कूस बदलते, मास्तर. तिला काय चिकू सांगतो?"

मला वाटलं, आता सर भडकणार. छे! "बरोबर आहे आजी," म्हणाले, "कूसच बदलते. तिला कुठं टोचतं, तेवढंच मी सांगतोय." म्हातारी हसली, चिकू खाल्ला. मग सर रंगात आले. "तर हलायला लागलं की टेबलाखाली जायचं!"

"कंच्या टेबलाखाली?" आजीनं विचारलं. "पाड्यात टेबल एकच. त्यावर तुझं चिकू हाये."

सगळा पाडा हसला. सर हसले नाहीत. परतीच्या जीपमध्ये ड्रायव्हरनं स्वतःहून चिकूचं विचारलं, तर अख्खी पिशवीच त्याच्या शेजारी ठेवून दिली. चारोटी नाका आला तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं टेबल सांगतोय मी, कुंदाताई. टेबल!"

पुढच्या आठवड्यात ते एकटेच गेले. घराघरात जाऊन, कोण कुठं झोपतं ते बघितलं. माळ्यावरचे जड डबे खाली उतरवायला लावले. लाडकीआजीचं अंथरूण विटांच्या भिंतीपासून हलवून कारवीच्या काड्यांच्या हलक्या कुडाजवळ, दाराशी नेलं. परत आले आणि सुताराला बोलावून स्वतःच्या शिसवी टेबलाचे पाय वाढवून घेतले. टेबल माझ्या छातीला लागलं. "जेवायला शिडी लावणार का?" मी विचारलं. "धडा घरापासून सुरू करायचा असतो," म्हणाले आणि टेबल आत नेलं.

मग तो मेसेज आला. आधी उंबरगावहून गुजरातीत, मग मराठीत. गुरुवारी दुपारी चारला मोठा भूकंप. सर दारोदार फिरले. "वेळ कुणालाच सांगता येत नाही! जगात कुणालाच!" समोरचा दुकानदार म्हणाला, "मग सर, तुमच्यापेक्षा मेसेजवाला बरा. तो निदान टाइम तरी देतो."

गुरुवारी तीनपासून गल्ली अंगणात. चार वाजले, साडेचार, काही नाही. पाच वाजता सगळे चहाला घरात गेले. मीही गेले. पावणेसहाला सरांकडचे पेले वाजले.

मी हातातल्या गाळणीसकट बाहेर. दुकानदार ओरडत होता, "मेसेज खरा होता, जरा लेट झाला!" मी माणसं मोजली. दोन कमी. आणि काय झालं कोण जाणे, माझे पाय उलट्या दिशेनं, सरांच्या घरात गेले.

ते उंच टेबल वहिनींच्या खाटेवर मांडवासारखं उभं होतं. त्याखाली सर खाटेवर अंग चोरून बसलेले, वहिनींचं डोकं छातीशी धरून. भिंत करकरत होती, वरून माती गळत होती. वहिनी वाकड्या ओठांनी विचारत होत्या, "आणि... बीच्या... आत?"

"आत लोखंड, सुशीला. तापलेलं, पण घट्ट..."

थांबलं. सरांनी मला पाहिलं. "बाहेर पळायचं सोडून आत येता? शिस्त कुठाय?" म्हणून गुरगुरले आणि पेले गोळा करायला स्वयंपाकघरात गेले.

वहिनींनी चांगल्या हातानं मला जवळ बोलावलं. "चिकू... मला पाठ आहे गं," त्या म्हणाल्या. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "भिंत थांबते... यांचे हात नाही थांबत. म्हणून मी विचारते. सांगायला लागले की... थांबतात."

आतून खणखणाट झाला. पुन्हा झाला. धक्का नव्हता. सर फ्रिजपाशी उभे होते आणि तिसरा पेला काही केल्या दुसऱ्यावर राहत नव्हता.

मी दारात उभी राहिले. "सर, ते चिकूचं परत सांगा बरं. साल झाली. पुढे?"

"किती वेळा सांगायचं तुम्हाला!" ते खेकसले. पण सांगायला लागले.

बीपर्यंत आलो तेव्हा तिसरा पेला उभा होता.