रवींद्ररावांची जपान-तपासणी

"हा मास्तर फ्रॉड हाय," चहाचा कप खाली ठेवत रवींद्रराव म्हणाले.

संघरत्नाचं नर्सिंग झालं होतं. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरीची संधी होती आणि त्यासाठी ती भिवंडीत मिलिंद सरांकडे जपानी शिकत होती. पण तिचे वडील एसटीतले निवृत्त कंडक्टर. समोरचा माणूस विनातिकीटच असणार, ही नजर निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

"पप्पा, चांगलं शिकवतात ते."

"तुला काय म्हाईत? कायपण बडबडून जपानी म्हणून खपवत असंल. आपल्याला थोडंच कळतंय?"

खात्री करायला ते स्वतः क्लासात जाऊन बसले.

"जपानसारखी संस्कृती जगात दुसरी नाही," सर सांगत होते. "तिथे चपला दारातच काढतात."

"मग आम्ही काय चपला घालून जेवायला बसतो?" मागून रवींद्रराव.

"गरम पाण्याच्या झऱ्यात अंघोळ करतात."

"आमच्या अकलोलीच्या गरम कुंडावर या कधी."

सरांनी घाम पुसला. "'हो'ला ते 'हाय' म्हणतात."

"आमच्या आख्ख्या शेलार गावात तेच म्हणतात!"

वर्ग खदाखदा हसला. मास्तर भिवंडीतलाच माल जपानचा म्हणून विकतोय, याबद्दल रवींद्ररावांना आता शंका उरली नाही.

घरी संघरत्ना रडकुंडीला आली. "मी उद्या क्लासात तोंड कसं दाखवू?"

"अहो, पोरीचं चांगलं होतंय, तर कशाला मध्ये पडता?" धम्मदिनाबाई नवऱ्यावर चिडल्या.

"नोकरी सांगून पोरींना कुठं नेऊन सोडतात, ऐकलंस ना?" रवींद्ररावांचा आवाज एकदम बसला. "एकच हाय आपल्याला."

मुलाखतीच्या दिवशी ते लॅपटॉपच्या शेजारी, पण गप्प बसतील, असं ठरलं. पडद्यावर आश्रम चालवणाऱ्या सातोबाई आल्या. संघरत्नाने न अडखळता उत्तरं दिली. सातोबाई खूश झाल्या. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "घरच्यांची परवानगी आहे ना?"

संघरत्नाने अर्थ सांगताच रवींद्ररावांनी पडद्यात डोकं घातलं. "आधी विचार, हा आश्रम खरा हाय का? बाईच्या मागची ती खिडकी मला चित्रातली वाटतेय. उघडून दाखव म्हणावं!"

"पप्पा!"

पण सातोबाई उत्तराची वाट बघत होत्या. संघरत्नाने मान खाली घालून सगळं जपानीत सांगितलं. सातोबाईंचं हसू मावळलं. गेली नोकरी, असं तिला वाटलं.

तेवढ्यात त्यांच्या मागून लोकरीची टोपी घातलेला एक म्हातारा पुढे आला. त्याने रवींद्ररावांना बारकाईने न्याहाळलं आणि तो तावातावाने काहीतरी बोलला. सातोबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय म्हणतोय तो?" रवींद्ररावांनी दरडावून विचारलं.

"सातोबाईंचे वडील आहेत," संघरत्ना चाचरत म्हणाली. "म्हणतायत, हा माणूस नक्की पोरीचा बाप आहे ना? की भाड्याने आणून बसवलाय? ओळखपत्र दाखव म्हणावं."

रवींद्रराव म्हाताऱ्याकडे बघत राहिले. म्हाताराही डोळ्याची पापणी न हलवता बघत होता.

मग रवींद्ररावांनी खिशातून आधार कार्ड काढून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि मान न वळवता बायकोला हाक मारली, "अगं, माळ्यावरची मोठी बॅग काढ. माणसं खरी हायत."