बेहेऱ्यांच्या घरी कोळी नाही

सोसायटीच्या मीटिंगमध्ये यज्ञेश्वर बेहेरे बोलायला उभे राहिले, तेव्हाच मंदाकिनीबाईंनी पर्समधून खडीसाखर काढून तोंडात टाकली. नवरा एकदा उभा राहिला की पंधरा मिनिटं तरी खाली बसत नाही, हा त्यांचा तेहेतीस वर्षांचा अनुभव होता.

"पेस्ट कंट्रोलचं कंत्राट हवंय कशाला?" बेहेरे म्हणाले. "सगळी औषधं स्वयंपाकघरात असतात. आंबट आणि उग्र वासापुढे कुठल्याही किड्याचं चालत नाही. माझ्या घरात बघा, आहे का एक तरी कोळी?"

"आहे," अध्यक्ष श्यामसुंदर कारखानीस शांतपणे म्हणाले. "परवा चहाला आलो होतो ना, तुमच्या घड्याळाच्या वर बसला होता. चहा येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडेच बघत होतो."

हॉल हसला. बेहेऱ्यांना हे झोंबलं. त्यांनी तिथल्या तिथे कागद मागवला आणि करार लिहिला: 'येत्या रविवारी दिवसभरात कोणत्याही वेळी बेहेरे यांच्या घरात जिवंत कोळी आढळल्यास, बेहेरे हे "माझे चुकले" असे स्वहस्ते लिहून नोटीस बोर्डावर लावतील. न आढळल्यास कंत्राट रद्द.'

आता यात केवढी जोखीम होती, ते सांगायला हवं. बेहेऱ्यांची सगळी नोकरी खडकवासल्याला पाटबंधारे खात्यात झाली. 'पाण्यात उतरू नये', 'भिंतीवर बसू नये', 'बसल्यास पाय खाली सोडू नयेत' असल्या पाट्या लिहिण्यात त्यांचा हात बसलेला. निवृत्तीनंतर सोसायटीचा नोटीस बोर्ड त्यांनी असाच चालवला. त्या बोर्डावर आजवर सगळ्या बिल्डिंगचं चुकलं होतं. बेहेऱ्यांचं कधीच चुकलं नव्हतं.

सोमवारी कामाला सुरुवात झाली. कोळ्यावर व्हिनेगर आणि पुदिना मारावा, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"व्हिनेगर नाहीये घरात," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"घरात कोकम असताना विकतचं आंबट कशाला? आगळ आंबटच असतं की."

गुहागरच्या नणंदेनं दोन सारख्या बाटल्या पाठवल्या होत्या. एकीत नुसतं आगळ, दुसरीत सरबतासाठी साखर घालून केलेला पाक. बेहेऱ्यांनी दोन्हींना लेबलं लावली होती. 'कोकम. हात पुसून बाटली धरावी. वापरल्यावर झाकण घट्ट लावावे. बाटली जागेवर ठेवावी.' दोन्हींवर हेच. कुठल्या बाटलीत काय आहे, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

बेहेऱ्यांनी हात पुसून पाकाची बाटली धरली. पाकात पुदिन्याचं पाणी मिसळलं, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीत भरलं आणि स्टुलावर चढून घड्याळाभोवतीची भिंत चिंब केली. शेवटी झाकण घट्ट लावून बाटली जागेवर ठेवली. संध्याकाळी कोपऱ्यात कोळी नव्हता.

"बघितलंस? आंबटापुढे टिकला नाही," ते म्हणाले. मंदाकिनीबाई "हं" म्हणाल्या.

मंगळवारी मुंग्या आल्या. बाल्कनीतून रांगेनं, घाई न करता, लग्नाच्या पंगतीला याव्यात तशा.

"कोळ्याच्या जागी मुंग्या कशा आल्या?" बेहेरे चक्रावले. पण मुंग्यांवर हळद, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी भिंतीच्या कडेनं हळदीची रेघ मारली, मग घड्याळापर्यंत चढवली. ओल्या पाकाला हळद छान चिकटली. मागच्याच वर्षी रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीवर लाल ओघळ होते, त्यांच्या बाजूनं आता पिवळे पट्टे आले.

बुधवारी तनया घरून काम करत होती. ही त्यांची मुलगी, खराडीला आयटी कंपनीत. नेटवर्क नेमकं घड्याळाखालीच यायचं, म्हणून लॅपटॉप घेऊन ती तिथे बसली. मीटिंग सुरू झाली आणि दोन मिनिटांत सगळे गप्प झाले.

"तनया," तिची मॅनेजर अस्मिता हळूच म्हणाली, "घरी सगळं ओके आहे ना? तुझ्या मागे वॉलवर..."

तनयानं वळून बघितलं. घड्याळापासून खाली लालभडक ओघळ आले होते.

"ते काही नाही गं. बाबांनी स्पायडर मारलाय."

पलीकडे सगळे स्क्रीनजवळ सरकले.

"केवढा होता?" अस्मितानं विचारलं.

मीटिंग संपल्यावर तनयानं भिंतीला बोट लावलं आणि चाटलं. "बाबा, हे गोड आहे! तू सरबत मारलंयस!"

"पण लेबल वाचूनच घेतलं होतं."

"लेबल कुणी लिहिलं होतं?"

बेहेऱ्यांनी बादली आणि फडकं आणलं. भिंत धुवायला घेतली तर हळद आणि कोकम एकमेकांत मिसळून सगळीकडे पसरलं. त्या आंबटगोड वासाला गुरुवारी चिलटं जमली. चिलटं कानात जात होती, चहात पडत होती. मंदाकिनीबाई सगळी भांडी झाकून ठेवायला लागल्या. पूजेची घंटासुद्धा त्यांनी झाकली.

शुक्रवारी बेहेऱ्यांनी कडुलिंबाच्या पाल्याची आणि कापराची धुरी केली. वॉचमन रंगनाथ वाळूची बादली घेऊन तीन जिने धावत आला. "काका, आग कुठंय?" म्हणेपर्यंत त्यानं अर्धी बादली धुपाटण्यावर ओतली होती. पण धुराचा उपयोग झाला. चिलटांचा मोठा लोंढा खिडकीतून बाहेर पडला आणि सरळ वरच्या मजल्यावर गेला. वर कारखानीस राहत होते.

रविवारी सकाळी दहाला कारखानीस टॉर्च घेऊन तपासणीला आले. त्यांनी माळे बघितले, पलंगाखाली बघितलं, घड्याळ उतरवून मागे बघितलं. कोळी नव्हता. भिंतीकडे मात्र ते बराच वेळ बघत राहिले.

"रंग नवीन दिलात?"

"कराराबद्दल बोला."

"कोळी नाही," कारखानीस जड आवाजात म्हणाले. "कंत्राटाचा कागद बोर्डावरून काढतो. शब्द म्हणजे शब्द."

बेहेऱ्यांना आकाश ठेंगणं झालं. ते जेवायला बसले. आमटीत चिलट पडलं. वाटी बदलली, त्यातही पडलं.

मंदाकिनीबाईंनी ताट बाजूला सारलं. "जिंकलात ना? आता जा आणि त्याला घेऊन या."

"कुणाला?"

"कोळ्याला. सोमवारी स्टुलाखाली पडला होता बिचारा, सगळे पाय चिकट झालेले. मी पुसून खाली सोडला, नोटीस बोर्डाच्या काचेआड."

"म्हणजे आठवडाभर मी लढत कुणाशी होतो?"

"माझ्या भिंतीशी. तुम्ही इतके खुशीत होतात, म्हटलं राहू दे. पण तो होता तेव्हा घरात एक चिलट दिसलं नव्हतं."

"उद्या आणतो. आज दिवसभरात कोणत्याही वेळी..."

"कारखानीस दुपारी झोपतात. आत्ता जा. नाहीतर रात्रीचं जेवण तुमचं तुम्ही करा आणि तुमचं तुम्ही झाका."

बेहेरे स्टीलची वाटी आणि एक जुनी लग्नपत्रिका घेऊन खाली गेले. बोर्डाच्या कोपऱ्यात कोळी आरामात बसला होता. त्यांच्याच 'येथे अनावश्यक वस्तू ठेवू नयेत' या नोटिशीवर त्यानं जाळं विणलं होतं. वर पत्रिका झाकून ते वाटी सांभाळत जिना चढले. त्यांच्या दारासमोर कारखानीस उभे होते. चिलटांनी त्यांना झोपूच दिलं नव्हतं.

"वाटीत काय?"

बेहेरे लांबलचक बोलायचे, पण खोटं बोलायचे नाहीत. "कोळी. पण तो अजून घरात नाही. उंबऱ्याच्या बाहेर आहे."

"मान्य," कारखानीस म्हणाले. "बाहेरच ठेवलात तर तुम्ही जिंकलात."

पत्रिकेच्या फटीतून एक बारीक पाय बाहेर आला, चाचपडला आणि पुन्हा आत गेला. त्यावर अजून कोकमाची लाली होती. बेहेऱ्यांना एकदम वाईट वाटलं. या जिवानं इतके दिवस त्यांच्या घरात बिनबोभाट काम केलं आणि त्यांनी त्याला सरबतानं न्हाऊ घातलं होतं.

"अहो, आणलात का?" आतून मंदाकिनीबाईंची हाक आली.

"आणला," म्हणत बेहेऱ्यांनी उंबरा ओलांडला.

संध्याकाळी बोर्डावर त्यांच्या सुबक अक्षरात दोनच शब्द लागले. 'माझे चुकले.' त्याखाली एकही सूचना नव्हती. लोक थांबून थांबून वाचत होते. रंगनाथनं तर फोटो काढला.

आठ वाजता दाराची बेल वाजली. बाहेर कारखानीस उभे होते. कंत्राटाचा कागद त्यांनी चौघडी करून खिशात ठेवला होता, हातात स्टीलची वाटी होती.

"बेहेरे, तुमची चिलटं आता आमच्याकडे मुक्कामाला आहेत," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "तिथे बोर्डात आणखी एखादा असेल का हो?"

सोमवारी सकाळी बोर्डावर 'माझे चुकले'च्या खाली नवा कागद होता. 'फलकातील उरलेला कोळी श्री. कारखानीस यांच्यासाठी राखून ठेवला आहे. इतरांनी त्याकडे बघू नये. बघितल्यास मागू नये.'